ग्रीक-लॅटिन शिकणं म्हणजे पैशाची नासाडी? (कालच्या पोस्टला उत्तर, लांब आहे)

रानजाई:
काल कोडकुसळ यांनी टाकलेली पोस्ट वाचून डोकं फिरलं म्हणून हा वेगळा धागा काढतेय, तिथे कमेंटमध्ये मावणार नाही. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्रिटिश सरकारने सरकारी शाळांतला लॅटिनचा कार्यक्रम गुंडाळला ते उत्तम झालं, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीने २०२१ मध्ये क्लासिक्सच्या (म्हणजे प्राचीन ग्रीस-रोमच्या अभ्यासाच्या) मुलांवरची ग्रीक-लॅटिनची सक्ती काढली ते त्याहून उत्तम, त्याच वर्षी हॉवर्ड युनिव्हर्सिटीने क्लासिक्सचं डिपार्टमेंटच मोडीत काढलं, म्हणजे ज्यांचं आहे त्यांनाच नको झालंय, मग आपल्याकडच्या "इंग्रजीत एमए झालेल्या मंडळींनी" ग्रीक कवी होमरच्या नावाने गळा काढायचं कारण काय, दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या गोऱ्या गुलाममालकांची पुस्तकं, एआयला सांगितलं की पाच सेकंदांत भाषांतर हातात, विषय संपला.

तर साहेब, मी इंग्रजीवाली नाही. इतिहास शिकवते, ज्युनिअर कॉलेजात, तेही आर्ट्सला, म्हणजे जिथल्या पोरांना पाव्हणेरावळे "सायन्सला नाही का मिळालं" असं विचारतात तिथे. "याचा उपयोग काय" हे उठताबसता ऐकते, त्यामुळे त्याचा राग येत नाही. राग येतो अर्धी बातमी वाचून पूर्ण निकाल देण्याचा.

हॉवर्ड कुणाची युनिव्हर्सिटी आहे हे तरी बघायचं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची ती जुनी मानाची युनिव्हर्सिटी, आणि तशा युनिव्हर्सिट्यांत क्लासिक्सचं स्वतंत्र डिपार्टमेंट असलेली ती एकटीच उरली होती. टोनी मॉरिसन, नोबेल मिळालेली कृष्णवर्णीय कादंबरीकार, तिथेच शिकली, मेजर इंग्रजी, मायनर क्लासिक्स. डिपार्टमेंट बंद होणार कळल्यावर पेपरात लिहून सगळ्यात जोरात भांडला तो कॉर्नेल वेस्ट, कृष्णवर्णीय विचारवंत. आता त्यालाही गोरा गुलाममालक म्हणा. आणि प्रिन्स्टनने भाषा ऐच्छिक केल्यात, शिकवणं थांबवलेलं नाही.

उपयोगाचं म्हणाल तर एकच गोष्ट सांगते, थुसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराच्या पुस्तकातली. इ.स.पू. ४२७. मितिलिनी शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं, अथेन्सने ते मोडलं, आणि संतापाच्या भरात अथेन्सच्या सभेने ठराव केला की तिथले सगळे पुरुष मारा, बायकापोरं विका. रीतसर मतदान करून हं, कुणी हुकूमशहा नव्हता. हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा. दुसऱ्या दिवशी लोकांना कसंतरीच व्हायला लागलं म्हणून परत सभा भरली. क्लिऑन नावाचा पुढारी म्हणतो, ठरलेलं बदलू नका, दया दाखवाल तर साम्राज्य घालवाल, आणि वर लोकांनाच सुनावतो की तुम्ही भाषणं ऐकायला येता ते खेळ बघायला आल्यासारखे. डायोडोटस त्याला उत्तर देतो, आणि गंमत अशी की तो दयामाया काढतच नाही, तो म्हणतो सगळ्यांना मारणं आपल्या फायद्याचं नाही, बस. अगदी थोडक्या मतांनी तो जिंकतो. दुसरं जहाज सोडतात, वल्हवणारे वल्ही न सोडता वाइन-तेलात मळलेलं जवाचं पीठ खातायत, आळीपाळीने झोपतायत, आणि पहिल्या जहाजावरचा हुकूम तिथे वाचून झालाय, आता अंमल सुरू होणार, तेवढ्यात हे पोचतात.

अकरावीला हे सांगितलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आमच्या गावच्या ग्रुपवर पण असंच होतं, आधी बहिष्कार टाकतात मग विचार करतात." वर्ग हसला. मी नाही हसले.

कोडकुसळ:
एवढं मोठं उत्तर लिहिल्याबद्दल आभार. गोष्ट छान रंगवलीत पण शेवट गिळलात ताई. दुसरं जहाज पोचल्यावरसुद्धा बंडाचे म्होरके म्हणून हजाराच्या वर माणसं कापली अथेन्सवाल्यांनी. हा तुमचा लोकशाहीचा धडा.

आणि तुम्ही ती मराठीत सांगितलीत, इंग्रजीत वाचून. ग्रीक येत नसताना. म्हणजे माझाच मुद्दा झाला की! भाषांतर आहे, ते वाचा, हवं तेवढं वाचा, पण त्यासाठी पोरांना विभक्त्या घोकायला लावून टॅक्सचा पैसा का घालायचा? मी लंडनात राहतो, टॅक्स भरतो, म्हणून बोलतो. चाळीस लाख पौंडांची योजना होती ती. इथे सरकारी शाळांना गणित-फिजिक्सचे शिक्षक मिळत नाहीत आणि हे लॅटिन शिकवणार. २०२० च्या ब्रिटिश कौन्सिलच्या पाहणीत खासगी शाळांपैकी ४९ टक्के शाळांत लॅटिन, सरकारीत ३ टक्क्यांहून कमी. हा विषयच श्रीमंतांचा आहे, घरच्या चांदीच्या भांड्यांसारखा, पाहुणे आले की काढायचा. बोरिस जॉन्सन बघा. ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजात क्लासिक्स केलं, होमरचं इलियड पाठ म्हणून दाखवतो, राजीनामा देताना म्हणे मी सिनसिनाटससारखा (सत्ता सोडून शेतीकडे गेलेला जुना रोमन) नांगराकडे परत चाललो. तेवढं शिकून देश कसा चालवला ते आम्ही भोगलं.

बाकी इटलीतल्या व्हेसुवियस ज्वालामुखीत जळालेल्या त्या ग्रंथांच्या गुंडाळ्या, कोळसा झालेल्या, उघडल्या की चुरा व्हायच्या, त्या न उघडता वाचायचं काम शेवटी कुणी केलं? कोडिंग करणाऱ्या तीन तरुणांनी. २०२४ मध्ये ७ लाख डॉलरचं बक्षीस घेतलं. पंडित बसले होते की अडीचशे वर्षं.

रानजाई:
सिनसिनाटस दुसऱ्यांदा परत आला तो डिक्टेटर म्हणून, आणि त्याच्या माणसाने ज्याला मारलं तो गरिबांना धान्य वाटणारा होता, असं रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. हे माहीत असलेला माणूस जॉन्सनचं भाषण ऐकून हसतो, माहीत नसलेला टाळ्या वाजवतो. माझा मुद्दा एवढाच आहे.

गुंडाळ्यांचं: मशीनने शाई दाखवली. ती अक्षरं जुळवून "हे सुखाबद्दल लिहिलंय, दुर्मिळ गोष्ट जास्त गोड लागते की मुबलक, याचा वाद आहे, बहुतेक फिलोडेमस या तत्त्वज्ञाचं" हे सांगणारे लोक ग्रीक शिकलेले होते. त्यांच्याशिवाय तुमच्या पोरांकडे नुसते ठिपके होते.

आणि हो, हजार मारले. मी ते सांगितलं नाही कारण तास संपला होता. पुढच्या तासाला सांगितलं.

मिडलंड्सची_आई:
कोडकुसळ, तुमच्याच आकड्यांनी तुम्ही पडताय. श्रीमंतांच्या शाळांत ४९ आणि आमच्या शाळांत ३, म्हणून आमचे ३ पण काढून घ्यायचे? ते ४९ कुणी काढले का? नाही ना?

माझी मुलगी त्या योजनेतल्या चाळीस शाळांपैकी एकीत होती. नाव नाही सांगत. निम्मी मुलं बांगलादेशी, पोलिश, सोमाली, आमच्यासारखी दोन-चार मराठी-गुजराती. फेब्रुवारी २०२५ ला, म्हणजे वर्षाच्या मध्यात, निधी बंद. ज्यांची जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा, जूनमध्ये होती ती लटकली. त्यांच्या शिक्षिका जेवणाच्या सुट्टीत फुकट शिकवत होत्या, एका हातात सँडविच, एका हातात सीझरचं पुस्तक. बसने पाच मिनिटांवर एक खासगी शाळा आहे, तिथे लॅटिन जोरात चालू आहे, बोर्ड लावलाय गेटवर. माझी मुलगी रोज त्या गेटसमोरून जाते. तुम्ही टॅक्स भरता, मी पण भरते दादा, नाइट शिफ्ट करून.

खवट_पुणेकर:
मला एक कळत नाही, दोन्हीकडचे लोक उगाच दुसऱ्यांच्या आजोबांवरून का भांडतायत. ग्रीक-लॅटिन त्यांना लखलाभ. आपल्याकडे संस्कृत आहे. पाणिनी आहे. भरताचं नाट्यशास्त्र असताना अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र कशाला? आपल्या मुलांना एक सुभाषित धड येत नाही आणि इथे मितिलिनी का फितिलिनी. आधी घरचं बघा. आमच्या वेळी दहावीला संपूर्ण संस्कृत घ्यायची मुलं, शंभर मार्कांचं. आता सगळे जर्मन-फ्रेंचच्या मागे.

निळी_पाटी:
आलात का. वाटच बघत होतो.

संपूर्ण संस्कृत का घ्यायची मुलं हे आपण दोघंही जाणतो काका. स्कोअरिंग! ९८ पडतात, पर्सेंटेज वर जातं, अकरावीला कॉलेज मिळतं, आणि पुढच्या जूनमध्ये "रामः रामौ रामाः" च्या पुढचं काय ते विसरून जातात. प्रेमबिम काही नव्हतं. आमच्या शाळेत संस्कृतचा वर्ग "हुशार मुलांचा वर्ग" म्हणून वेगळा काढायचे आणि त्यात कोण असायचं हे हजेरीपट वाचला की कळायचं. मी विचारलं होतं, मला घ्यायचंय म्हणून. सर म्हणाले, तुला झेपणार नाही, घरी कोण शिकवेल. संयुक्तमध्ये पन्नास मार्कांचं घे. हा सल्ला चांगल्या मनाने दिला असेलही, पण तो कुणाकुणाला दिला ते मोजा.

आणि मी कोण लागून गेलो, बाबासाहेबांनाच शाळेत संस्कृत शिकवायला नकार दिला म्हणून फारसी घ्यावी लागली. मग स्वतः शिकले. तेव्हा "घरचं बघा" म्हणताना घर कुणाचं, हे आधी बोला.

खवट_पुणेकर:
झालं, आणली जात! विषय ग्रीकचा चाललाय. माझ्या घरी कोणी शिकवायला नव्हतं हो, वडील प्रेसमध्ये खिळे जुळवायचे, मी स्वतः पाठ केलं सगळं, ९८ नाही ९४ होते आणि आजही मेघदूत उघडलं तर वाचू शकतो. सरसकट सगळ्यांना स्कोअरिंगवाले म्हणायचं आणि वर आपण सहिष्णू.

निळी_पाटी:
तुम्ही वाचता, चांगलं आहे, मनापासून म्हणतो. पण तुमच्या एका मेघदूतामागे शंभर जणांनी फक्त टक्के घेतले आणि हजार जणांना दारातच अडवलं. जात मी आणत नाही, ती तिथे आधीच बसलेली असते, मी फक्त नाव घेतो.

ग्रीकचाच विषय म्हणता ना? मग ऐका. १८५५ मध्ये इंग्रजांनी आयसीएसची, म्हणजे भारतातल्या बड्या सरकारी अधिकाऱ्यांच्या भरतीची, स्पर्धा परीक्षा काढली, त्यात ग्रीकला ७५० मार्क, लॅटिनला ७५०, संस्कृतला ३७५, अरबीला ३७५. बरोबर निम्मे. तेव्हा तुमचं संस्कृत दाराबाहेर उभं होतं. कसं वाटतं?

म्हापशेकार:
निळी_पाटी यांचं पटतं. आमच्या आजीला मास, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, लॅटिनमध्ये तोंडपाठ होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, अर्थ एका ओळीचा विचारा तर नाही. पाद्री पाठ करून उभा, लोक गुडघ्यावर, आणि मधे एक भाषा जी फक्त त्यालाच कळते. व्हॅटिकन टू या साठच्या दशकातल्या धर्मपरिषदेनंतर कोंकणीत सुरू झालं तेव्हा आजी म्हणाली, अगो, हे असं साधंच बोलत होते होय! मला लॅटिनबद्दल फार प्रेम येत नाही, माफ करा. लेंटमधली, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतली, मोतेत गाणी मात्र ऐकायला आवडतात. ती लॅटिनमध्येच बरी.

कोडकुसळ:
बघा, एकेक जण माझ्याच बाजूने बोलतोय. संस्कृत काय, लॅटिन काय, दाराचं कुलूप. कुलूप म्युझियममध्ये ठेवा, दार काढून टाका.

निळी_पाटी:
अहो थांबा, तुमच्या बाजूने कधी बोललो मी? कुलूप म्हणालो, घर जाळा म्हणालो नाही.

गुलामगिरी उघडा. १८७३. जोतिबांनी त्याला इंग्रजी प्रस्तावना लिहिली आहे, तिच्या माथ्यावर पहिलं वचन कुणाचं आहे? होमरचं. माणूस ज्या दिवशी गुलाम होतो त्या दिवशी त्याचं निम्मं सत्त्व जातं, अशा अर्थाचं. पुण्यात बसलेल्या, माळी समाजातल्या माणसाला भटशाहीवर पुस्तक लिहिताना होमर हाताशी घ्यावासा वाटला, आणि पुस्तक अर्पण केलं अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्यांना. त्यांनी "हे गोऱ्यांचं आहे" म्हणून बाजूला नाही टाकलं. उचललं, आणि बरोबर जिथे दुखेल तिथे मारलं. माझं भांडण दारावर उभ्या असलेल्या माणसाशी आहे, आतल्या पुस्तकांशी नाही.

कोडकुसळ:
जोतिबांनी ग्रीकमधून वाचलं होतं का? इंग्रजीतूनच घेतलं असणार. परत माझाच मुद्दा.

आणि कॉन्टेक्स्ट सांगू? हो, मी पण शोधू शकतो. ते वचन होमरच्या ओडिसी या काव्यातलं, सतरावा भाग. ओडिसियस वीस वर्षांनी वेष बदलून घरी येतो, दारात उकिरड्यावर त्याचा म्हातारा कुत्रा पडलाय, अंगभर गोचिड्या, कुणी बघत नाही. तेव्हा डुकरं सांभाळणारा युमायस म्हणतो की मालक नसला की नोकर कामं करत नाहीत, गुलाम झाला की माणसातलं निम्मं सत्त्व जातं. म्हणजे तक्रार काय आहे, तर गुलाम आळशी झालेत! मालकाच्या बाजूचं वाक्य आहे ते. हे घ्या तुमचं क्रांतिकारी वचन.

रानजाई:
क्या बात है, कोडकुसळ सतराव्या भागापर्यंत गेले. पाच सेकंदांत भाषांतर मिळालं वाटतं.

पण बोलतो कोण ते सोडलंत. युमायस स्वतः गुलाम आहे. राजाचा मुलगा होता, लहानपणी पळवून विकलेला, दोनच भाग आधी त्याने स्वतःची हकीकत सांगितलीय. आता ते वाक्य परत वाचा. तो नोकरांना शिव्या घालतोय की स्वतःबद्दल बोलतोय? मला आजही नक्की सांगता येत नाही, वर्गात विचारते तेव्हा दोन तट पडतात. जोतिबांनी ते मालकाच्या अंगणातून उचलून गुलामाच्या हातात दिलं, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणेन ते आधीपासून गुलामाच्याच तोंडात होतं.

आणि भाषांतर पुरे म्हणता, तर ते इंग्रजीत आणणाऱ्याला ग्रीक कुणीतरी शिकवलं होतं ना? सगळ्यांनी शिका असं मी कधीच म्हटलं नाही. कुणीच शिकू नका याला माझा विरोध आहे.

वॉर्ड_नंबर_सात:
एरवी फक्त वाचतो, आज लिहितो. मी डॉक्टर. एप्रिल २०२१, रेसिडेन्सी, कोविड वॉर्ड, हॉस्पिटल कुठलं ते जाऊ दे. रात्री तीनला पीपीई काढल्यावर झोप यायची नाही, मोबाईलवर काहीबाही वाचायचो, कुणीतरी अथेन्सच्या साथीचा उतारा फॉरवर्ड केला होता, थुसिडिडीसचाच, इ.स.पू. ४३०. त्याला स्वतःला ती साथ झाली होती आणि वाचला होता, म्हणून लक्षणं एकेक करून लिहिलीत, डोकं तापणं, डोळे लाल, घसा, मग खाली छातीत. आमच्या केसपेपरसारखी. डॉक्टर आधी मेले, कारण तेच रोग्यांजवळ जात होते. आणि जे बरे झाले तेच इतरांची जास्त काळजी घेत होते.

पुढे एक ओळ आहे. लोक दुसऱ्यांनी रचलेल्या चितेवर आपलं प्रेत ठेवून आधी पेटवून द्यायचे, किंवा जळत असलेल्या चितेवर आपलं टाकून निघून जायचे. त्या आठवड्यात माझ्या मामांना घेऊन आम्ही स्मशानात टोकन घेऊन बसलो होतो. मागच्या लाइनीत दोन घरांची लाकडावरून हाणामारी झाली. 

उपयोग झाला का? नाही. एकही पेशंट वाचला नाही त्याने. पण त्या रात्री दुसरं काहीच वाचवत नव्हतं, आणि हे वाचवलं. वाद चालू द्या.

खवट_पुणेकर:
डॉक्टर, वाचून गप्प झालो. (९४ च होते, निळी_पाटी, आणि तुम्हाला सरांनी जे सांगितलं ते चूक होतं. एवढंच म्हणेन, जास्त नाही.)

तेरणेकाठचा:
सगळे मोठमोठं बोलतायत तर आमच्या धाराशिवचं पण ऐका. पहिल्या शतकातला कुणी ग्रीक बोलणारा माणूस, नाव माहीत नाही, समुद्रावरच्या व्यापाराची वही लिहून गेलाय, पेरिप्लस. त्यात भडोच आहे, कल्याण आहे, चौल आहे, सोपारा आहे, पैठण आहे आणि पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर तगर, फार मोठं शहर. ते तगर म्हणजे आमचं तेर. माल गाड्यांवरून भडोचला जायचा आणि लेखक म्हणतो वाटेत रस्तेच नाहीत. दोन हजार वर्षांत तेवढं मात्र आम्ही टिकवलंय.

कोडकुसळ, तुमच्या त्या गुंडाळ्या जाळल्या त्याच ज्वालामुखीने इ.स. ७९ मध्ये पाँपेईत एक हस्तिदंती बाई पुरली, अंगभर दागिने, भारतीय घडणीची. तिच्यासारखीच तेरला सापडली, भोकरदनला सापडली. तेरच्या लामतुरे म्युझियममध्ये जाऊन बघा. कोल्हापुरात ब्रह्मपुरीला काशाचा पोसायडन निघाला, तो टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये उभा आहे. म्हणजे "त्यांचं" म्हणताय त्यातलं थोडं आमच्या शेतात निघतं.

अजून एक. अशोक कधीचा हे कसं ठरलं? तेराव्या शिलालेखात त्याने पाच यवन, म्हणजे ग्रीक, राजांची नावं घेतलीत, अंतियोक वगैरे, त्यांच्या तारखा ग्रीक इतिहासातून माहीत होत्या म्हणून. कंदाहारला १९५८ मध्ये अशोकाचा लेख सापडला तो तर ग्रीक आणि अरामाइकमध्येच आहे. आता आपल्याकडे उद्या असा लेख सापडला तर वाचायला कुणाला बोलवायचं, एआयला? ते ठामपणे चुकीचं सांगेल आणि आपण कळसाला लावू.

कोडकुसळ:
तेरचं माहीत नव्हतं. पेरिप्लस नाव ऐकून होतो.

बरं, ठीक आहे. युनिव्हर्सिटीत दोन-चार जणांनी शिकावं, सरकारने पगार द्यावा, माझी हरकत नाही, एवढं मान्य. पण शाळेत नको. शाळेत गणित.

मिडलंड्सची_आई:
ते दोन-चार जण कुठल्या शाळेतून येणार दादा? गेटवर बोर्ड लावलेल्या?

कोडकुसळ:
मीटिंग आहे, नंतर बोलतो.

कोडकुसळ:
रानजाई, ती मितिलिनीची भानगड नक्की कुठे आहे, पूर्ण वाचतो एकदा. तुम्ही गाळलेलं अजून काय काय आहे ते बघायचंय.

रानजाई:
तिसरं पुस्तक, ३६ ते ५०. हजारांचा आकडा पन्नासाव्यात. तो तुम्ही कुठून काढला होता मग?

कोडकुसळ:
विकिपीडिया.